विश्लेषण : पाच हजार वर्षांपूर्वीचे आकडे संगणकाला कसे शिकवायचे? कीलाक्षर संख्याचिन्हांचा पेच काय?

मोबाइलच्या घड्याळात ५९ सेकंदांनंतर ६० दिसत नाही. मिनिट बदलते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. साठावर आधारलेली ही मोजणी मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, ग्रीक खगोलशास्त्रज्ञांमार्फत जगभर पोहोचली. मात्र ज्या चिन्हांनी हा हिशेब मातीच्या पाट्यांवर लिहिला जात असे, त्यातील सर्वात जुनी चिन्हे संगणकाच्या मजकुरात जशीच्या तशी लिहिण्याची सोय अनेक वर्षे नव्हती. या चिन्हांना युनिकोडमध्ये स्थान मिळावे यासाठी २०२४ मध्ये सविस्तर प्रस्ताव मांडण्यात आला. वरवर तांत्रिक वाटणारा हा विषय प्रत्यक्षात एका जुन्याच प्रश्नावर येऊन थांबतो. आकडा म्हणजे त्याचा आकार की त्याची किंमत?

कीलाक्षर लिपी म्हणजे काय?

ओल्या मातीच्या पाटीवर वेताच्या किंवा बोरूच्या टोकाने ठसे उमटवून लिहिलेली ही लिपी. ठशांचा आकार खिळ्यासारखा, म्हणजेच कीलेसारखा दिसतो, म्हणून ती कीलाक्षर. इंग्रजीतील ‘क्यूनिफॉर्म’ या नावाचा अर्थही तोच. सुमेरियन, अक्कादी, हित्ती, एलामी अशा अनेक भाषांसाठी ती सुमारे तीन हजार वर्षे वापरात होती. माती वाळली की मजकूर टिकतो आणि आगीत सापडली तर ती भाजून आणखी पक्की होते. त्यामुळे लाखो पाट्या आजवर शिल्लक राहिल्या. लंडन, पॅरिस, बर्लिन, इस्तंबूल, बगदाद, फिलाडेल्फिया येथील संग्रहालयांत त्या विखुरलेल्या आहेत.

या लेखनाची सुरुवात काव्य किंवा राजाज्ञांपासून झाली नाही, ती हिशेबापासून झाली. दक्षिण इराकमधील उरुक या प्राचीन शहरात, इसवी सनपूर्व सुमारे ३३०० ते ३००० या काळातील हजारो पाट्या जर्मन उत्खननांत सापडल्या. त्यातील बहुसंख्य पाट्या धान्य, मेंढ्या, मजूर, जमीन यांच्या नोंदी आहेत. म्हणजे कीलाक्षरांच्या जगात आकडा हा लेखनाच्या पायातला दगड आहे. आकडे नीट नोंदवता आले नाहीत, तर या पाट्यांचा निम्माअधिक अर्थच हातातून निसटतो.

आकडे कसे लिहिले जात?

इसवी सनपूर्व २००० च्या सुमारास ही पद्धत अगदी सुटसुटीत झाली. उभी कील म्हणजे एक आणि कोपऱ्यासारखी तिरपी खूण म्हणजे दहा. या दोनच खुणांनी १ ते ५९ पर्यंतच्या संख्या लिहिल्या जात. त्यापुढे आपल्या दशमान पद्धतीप्रमाणेच स्थानमूल्य असे. फरक इतकाच की डावीकडचे घर दहापट नव्हे तर साठपट मोठे.

अडचण अशी की त्या काळी शून्याची खूण नव्हती आणि दशांश चिन्हासारखी खूणही नव्हती. त्यामुळे एकच उभी कील १ असू शकते, ६० असू शकते, ३,६०० असू शकते किंवा एक साठांशही असू शकते. नेमके काय ते संदर्भावरून ठरवायचे. रिकामे घर दाखवणारी खूण नियमितपणे दिसते ती बरीच नंतर, शेवटच्या काही शतकांतल्या खगोलशास्त्रीय पाट्यांत.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहातील ‘वायबीसी ७२८९’ ही तळहाताएवढी पाटी याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्यावर एक चौरस आणि त्याचे कर्ण काढले आहेत. बाजूवर ३० आणि कर्णावर १, २४, ५१, १० हे आकडे ओळीने लिहिले आहेत. पहिला एक पूर्णांक आणि पुढचे साठांश, साठांशाचे साठांश असे वाचले, तर उत्तर येते १.४१४२१२९६. दोनचे वर्गमूळ दशांश चिन्हानंतर पाच घरांपर्यंत अचूक! पण पूर्णांक कुठे संपतो, हे पाटी सांगत नाही. ते वाचणाऱ्याला ठरवावे लागते.

युनिकोडमध्ये ही लिपी कधी आली?

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला क्रमांक कळतो. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला एकच ठरावीक क्रमांक देणारी व्यवस्था म्हणजे युनिकोड. मोबाइलवर लिहिलेला मराठी संदेश दुसऱ्या कंपनीच्या फोनवरही मराठीच दिसतो, तो याच व्यवस्थेमुळे.

कीलाक्षरांसाठीच्या प्रयत्नांना २००० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात झालेल्या परिषदेपासून वेग आला. मायकेल एव्हरसन, कार्लयुर्गन फॉयरहर्म आणि स्टीव्ह टिनी यांनी २००४ मध्ये अंतिम प्रस्ताव सादर केला आणि २००६ मध्ये युनिकोडच्या ५.० आवृत्तीत ९८२ चिन्हे दाखल झाली. २०१४ आणि २०१५ मध्ये त्यात भर पडून ही संख्या १,२३४ झाली. त्यातील ११६ चिन्हे आकडे आणि विरामचिन्हांच्या स्वतंत्र विभागात आहेत.

पहिल्या ६५,५३६ क्रमांकांच्या पलीकडच्या विभागात ही लिपी ठेवण्यात आली. जुन्या सॉफ्टवेअरना त्या पलीकडचे क्रमांक हाताळताच येत नसत. पुढे बहुतांश इमोजीही त्याच विभागात आले. इमोजी दिसले नाहीत तर ग्राहक तक्रार करणार, म्हणून कंपन्यांनी सॉफ्टवेअर सुधारले आणि त्याचा फायदा प्राचीन लिपींनाही झाला. तरीही फोनमध्ये योग्य फॉन्ट नसेल तर या चिन्हांच्या जागी आजही रिकामे चौकोनच दिसतात. गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टसंचात कीलाक्षरांसाठी स्वतंत्र फॉन्ट आहे.

‘एक’ हे अक्षर की आकडा?

खरी गुंतागुंत इथून सुरू होते. उभी कील म्हणजे ‘एक’ हे खरे, पण तीच खूण उच्चारासाठीही वापरली जाई. पुरुषाच्या नावाआधी ‘हे माणसाचे नाव आहे’ असे सांगण्यासाठीही तीच. त्यामुळे युनिकोडमध्ये एका कीलेला अक्षरांच्या विभागात जागा मिळाली. दोन कीलांची जोडीही तिथेच गेली. तीन कीलांपासून पुढची चिन्हे मात्र आकड्यांच्या विभागात आहेत. दहाच्या खुणेचेही तसेच. १०, २० आणि ३० अक्षरांत, तर ४० पासून पुढे आकड्यांत. एखाद्या प्रोग्रॅमला ‘या मजकुरातील सर्व आकडे शोध’ असे सांगितले आणि तो फक्त आकड्यांचा विभाग तपासत असेल, तर सर्वाधिक वापरले जाणारे १, २ आणि १० हेच त्याच्या नजरेतून सुटतील.

दुसरी गोष्ट साठाची. साठासाठीही उभी कीलच वापरत. आधीच्या काळात ती एकाच्या कीलेपेक्षा थोडी मोठी असे, पुढे दोन्ही सारख्याच दिसू लागल्या. युनिकोडमध्ये मात्र एकाची आणि साठाची कील यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. इथे आकारापेक्षा अर्थाला महत्त्व दिले गेले. मग ज्या पाटीवर ही कील १ की ६० हे अभ्यासकांनाच ठाऊक नाही, तिथे कोणता क्रमांक टंकित करायचा? कोणताही निवडला तरी टंकन करणारा नकळत पाटीचा अर्थ लावून मोकळा होतो. वाचणाऱ्याला तो अर्थ मूळ पाटीवरचाच आहे असे वाटते.

काही ठिकाणी मात्र नेमके उलट झाले. चार, सात, आठ आणि नऊ हे आकडे लिहिताना कीला एकाखाली एक कशा रचल्या, यात काळानुसार फरक पडत गेला. किंमत तीच, मांडणी वेगळी. अशा काही मांडण्यांनाही स्वतंत्र क्रमांक देण्यात आले. म्हणजे एकाच संचात कुठे अर्थ प्रमाण मानला आहे, तर कुठे आकार.

त्याआधीचे आकडे अधिक अवघड का?

उरुकच्या सर्वात जुन्या पाट्यांवरील आकडे कीलांचे नाहीतच. गोल टोकाची काडी मातीत सरळ दाबली की वर्तुळ उमटते, तिरकी दाबली की अर्धगोल ठसा. लहान-मोठ्या जाडीच्या काड्या आणि त्यांच्या जोड्या यांतून सुमारे ६० वेगवेगळी संख्याचिन्हे तयार झाली होती. अभ्यासकांनी त्यांना ‘एन-१’, ‘एन-१४’ असे क्रमांक दिले आहेत.

हान्स निसेन, पीटर डामेरो आणि रॉबर्ट एंग्लंड यांच्या संशोधनातून दिसून आले, की ही चिन्हे डझनाहून अधिक मोजणी पद्धतींत वापरली जात. काय मोजायचे आहे यावर चिन्हाची किंमत ठरे. समजा, पाटीवर तीन लहान वर्तुळे आणि दोन अर्धगोल ठसे आहेत. मेंढ्या मोजायच्या असतील तर एक वर्तुळ म्हणजे १० ठसे, म्हणून संख्या ३२. धान्य असेल तर एक वर्तुळ म्हणजे ६ ठसे, म्हणून २० मापे. जमीन असेल तर एक वर्तुळ म्हणजे १८ ठसे, म्हणून ५६ एकके. खुणा त्याच, उत्तरे तीन.

हा फरक लक्षात यायलाही बराच काळ गेला. धान्याच्या नोंदींतही वर्तुळ म्हणजे दहाच, असे आधीचे अभ्यासक अनेक दशके मानत होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडिश गणितज्ञ योरान फ्रीबर्ग यांनी पाट्यांवरील बेरजा तपासून ते प्रमाण सहा असल्याचे दाखवले. तोवर धान्याचे हिशेब चुकीचे वाचले जात होते. त्या काळात वर्तुळाला ‘दहा’ या नावाने क्रमांक दिला गेला असता, तर ती चूक आज प्रत्येक संगणकात कायमची बसली असती.

नवा प्रस्ताव नेमका काय आहे?

२००६ च्या संचात वर्तुळाकार जुने आकडे वेगळे धरले नव्हते. वर्तुळ काय आणि कील काय, आकडा एकच, दिसण्यातला फरक फॉन्टने सांभाळावा, असा विचार त्यामागे होता. पण इसवी सनपूर्व तिसऱ्या सहस्रकाच्या मध्यापासून काही काळ दोन्ही प्रकारचे आकडे एकत्र वापरात होते. काही पाट्यांवर ते शेजारी-शेजारी आढळतात आणि वेगवेगळ्या गोष्टी दाखवतात. फॉन्ट बदलला की तिथला भेदच पुसला जातो.

म्हणून रॉबिन लेरॉय, अंशुमन पांडे आणि स्टीव्ह टिनी यांनी या जुन्या संख्याचिन्हांसाठी सुमारे तीनशे स्वतंत्र क्रमांकांचा प्रस्ताव मांडला. तीन वर्तुळांचा गट, चार वर्तुळांचा गट अशा प्रत्येक गटाला वेगळा क्रमांक लागतो, म्हणून मूळ साठ खुणांची संख्या एवढी वाढते. नावे देताना ‘दहा’ किंवा ‘साठ’ अशा किमतींऐवजी अभ्यासकांच्या ‘एन’ यादीतील क्रमांकांचा आधार घेण्यात आला आहे. चिन्ह कसे दिसते आणि किती वेळा आले, एवढेच नोंदवायचे. त्याची किंमत किती, हे ठरवण्याचे काम वाचणाऱ्यावर सोपवायचे.

चूक झाली तर दुरुस्त करता येत नाही का?

युनिकोडचा नियम कडक आहे. एकदा दिलेला क्रमांक काढून घेता येत नाही, हलवता येत नाही आणि चिन्हाचे अधिकृत नावही बदलता येत नाही. कारण तोवर त्या क्रमांकावर विसंबून जगभर मजकूर साठवलेला असतो. म्हणूनच एखादे चिन्ह समाविष्ट करण्याआधी वर्षानुवर्षे चर्चा चालते आणि बाहेरून पाहणाऱ्याला ही दिरंगाई वाटते.

चिन्हासोबत नोंदवलेली संख्यात्मक किंमत मात्र सुधारता येते आणि तिची गरजही पडली आहे. धान्याच्या ‘निगिदा’ या मापाची दोन चिन्हे संचात आहेत. एकाच्या नावात सुमेरियन भाषेतला ‘दोन’ आहे, दुसऱ्याच्या नावात ‘तीन’. तरीही अनेक आवृत्त्यांमध्ये या दोन्हींची किंमत ‘उणे १’ अशी नोंदली गेली होती. ती नोंद वापरणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषांतही तीच किंमत उतरली. पुढे ती २ आणि ३ अशी दुरुस्त करण्यात आली. धान्याच्या कोठारातील शिल्लक मोजणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तोवर त्या नोंदीवर भरवसा ठेवला असता, तर त्याच्या उत्तरात धान्य वाढण्याऐवजी घटले असते.

याचा उपयोग कोणाला?

आजवर अभ्यासक कीलाक्षरे रोमन अक्षरांत उतरवून काम करत आले आहेत. ‘क्यूनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्ह’ या प्रकल्पाच्या यादीत तीन लाखांहून अधिक पाट्या व वस्तूंची नोंद आहे. तिथे आकडा लिहिताना आधी संख्या आणि मग कंसात चिन्हाचे नाव, अशी पद्धत रूढ आहे. ती उपयोगी असली तरी त्यात पाटी वाचणाऱ्याचा निर्णय आधीच मिसळलेला असतो.

मूळ चिन्हांचा मजकूर उपलब्ध असेल, तर हजारो पाट्यांवरील बेरजा संगणकाकडून तपासून घेता येतात. बेरीज जुळली नाही तर तीन शक्यता उरतात. प्राचीन कारकुनाची चूक, पाटीचा तुटलेला भाग किंवा आजच्या अभ्यासकाची चुकीची समजूत. फ्रीबर्ग यांनी हाताने केलेले काम मोठ्या प्रमाणावर करणे त्यामुळे शक्य होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीही हा पाया महत्त्वाचा ठरतो आहे. अक्कादी मजकुराचे थेट इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या प्रणालीचे संशोधन २०२३ मध्ये ‘पीएनएएस नेक्सस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रोमन लिप्यंतर दिले असता आणि युनिकोडमधील मूळ कीलाक्षरे दिली असता, दोन्हींच्या भाषांतराच्या गुणवत्तेत थोडाच फरक आढळला. म्हणजे यंत्र आता मूळ चिन्हांवरूनही शिकू शकते. पण त्याला दिलेल्या चिन्हांतच गोंधळ असेल, तर ते गोंधळही तितक्याच आत्मविश्वासाने शिकेल.

इराकसाठी याला आणखी एक बाजू आहे. २००३ मध्ये बगदादचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले, २०१५ मध्ये ‘आयसिस’ने निमरूदची नासधूस केली. पाटी हरवली किंवा फुटली तरी तिच्यावर काय लिहिले होते, हे नेमकेपणाने टिकवायचे असेल, तर छायाचित्रासोबत शोधता येईल असा मजकूरही हवा.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

नव्या प्रस्तावाच्या लेखकांपैकी अंशुमन पांडे यांचे नाव मराठी वाचकांसाठी महत्त्वाचे आहे. मोडी लिपीचा युनिकोड प्रस्तावही त्यांचाच. २०१४ मध्ये ७.० या आवृत्तीत मोडी दाखल झाली आणि त्याच आवृत्तीत कीलाक्षरांतही भर पडली. मोडीचे ० ते ९ हे अंक त्यात आहेत. मात्र जुन्या वह्या आणि दप्तरांतील हिशेब केवळ या दहा अंकांवर चालत नसे. पाव, अर्धा, पाऊण, आणा, दोन आणे यांसाठी उभ्या-आडव्या रेघांच्या वेगळ्या खुणा होत्या. पांडे यांच्याच प्रस्तावावरून २००९ मध्ये अशा दहा चिन्हांचा संच युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत आला. हा संच अनेक भारतीय लिप्यांसाठी सामाईक आहे.

पेच तिथेही तोच होता. ‘पाव’ची खूण रुपयाच्या हिशेबात आली तर ती ४ आणे, मणाच्या हिशेबात आली तर १० शेर. युनिकोडने तिला ‘चार आणे’ किंवा ‘दहा शेर’ असे नाव दिले नाही, ‘एक चतुर्थांश’ म्हटले. एकक कोणते, हे वहीतल्या मजकुरावरून ओळखायचे. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या पिढीला हे सांगावे लागले नसते. बॅबिलोनच्या काळातील शाळांतही मुले पाढ्यांच्या पाट्या अशाच गिरवत असत आणि निप्पूर येथे त्या मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. अडचण यंत्राची आहे. त्याला ना पाढे पाठ असतात, ना बाजारभाव ठाऊक.

पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तरासह राज्यभरातील मोडी कागदांचे वाचन यंत्राकडून करून घेण्याचे प्रयत्न वाढतील, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर येईल. अक्षरे ओळखली पण पाव आणि पाऊण यांच्या रेघा एक-दोन-तीन म्हणून वाचल्या, तर गावाचा वसूल भलताच निघेल.

पुढे काय?

संख्याचिन्हांना क्रमांक मिळाले म्हणजे काम संपत नाही. फॉन्ट तयार व्हावे लागतात, टंकनाची सोय लागते आणि लाखो जुन्या नोंदी नव्या चिन्हांत उतरवाव्या लागतात. उरुकच्या पाट्यांवर आकड्यांसोबत जी चित्रचिन्हे आहेत, त्यातील अनेकांचा अर्थ अद्याप लागलेला नाही. ती संगणकात आणण्याचे काम आकड्यांपेक्षाही कठीण आहे. आकडे आधी घेण्यामागचे एक कारण हेच, की त्यांचे नियम बेरजांवरून पडताळून पाहता येतात.

गेल्या दोन दशकांच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. जुना मजकूर संगणकात आणताना, आपल्याला जे समजले आहे ते आणि पाटीवर जे दिसते ते वेगळे ठेवावे लागते. उद्याच्या अभ्यासकाला आजची समजूत चुकीची ठरवता आली पाहिजे. त्यासाठी वर्तुळ हे वर्तुळ म्हणूनच त्याच्यापर्यंत पोहोचायला हवे. ते दहा, सहा की अठरा, हे त्याला पुन्हा एकदा मोजून पाहता आले पाहिजे.